पाचवी बैठक

आमच्या चर्चच्या मंडळीत लग्न ठरलेल्या मुलामुलीला पाच बैठका कराव्या लागत. त्या झाल्याच्या कागदावर सही असल्याशिवाय पाळकसाहेब रविवारच्या उपासनेत लग्नाची सूचना वाचत नसत, आणि ती तीन रविवार वाचून झाल्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागत नसे. पाळकसाहेबांकडे पनवेलशिवाय आणखी दोन गावच्या मंडळ्या होत्या, त्यांना उसंत नसायची. म्हणून बैठका घेण्याचं काम त्यांनी आम्हा नवराबायकोकडे दिलं. आम्ही काही त्यातले जाणकार नव्हतो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो, बायको शाळेत भूगोल शिकवायची. मूल नव्हतं, शनिवारची संध्याकाळ मोकळी असायची, आणि खांदा कॉलनीतलं आमचं घर सगळ्यांना सोयीचं पडायचं. पाळकसाहेबांनी बहुधा एवढंच पाहिलं असावं.

मला सुरुवातीला हे काम जड गेलं. परक्या माणसांशी त्यांच्या संसाराबद्दल बोलायचं, तेही संसार सुरू व्हायच्या आधी, हा मला आगाऊपणा वाटे. पहिली बैठक माझी असायची, शास्त्रपाठाची. प्रीतीबद्दलचे, नवराबायकोच्या नात्याबद्दलचे बायबलमधले उतारे मी खुणा घालून ठेवलेले असत. वाचता वाचता मला माझाच आवाज आवडू लागे आणि मी लांबवत जाई. मग ती समोरून म्हणायची, "अहो, पोरांची शेवटची गाडी चुकेल." तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असायचे. मुलं हसायची आणि मी पुस्तक मिटायचो.

दुसरी बैठक दोन्हीकडच्या घरच्यांबद्दल असे, तिसरी भांडणाबद्दल, चौथी घरकामाबद्दल. भांडणाच्या बैठकीत ती दोघांना एकेक कागद द्यायची आणि दुसऱ्याचे तीन दोष लिहायला सांगायची. एका मुलाने कागद कोराच परत दिला. म्हणाला, "हिच्यात दोषच नाही, काकू."

"मग तू हिला अजून पाहिलंच नाहीस," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारपर्यंत नीट बघून ये."

त्यावर ती मुलगी हळूच म्हणाली, "काकू, मला अजून एक कागद मिळेल?"

असं सगळं हसतखेळत चालायचं. मला मात्र पाचव्या बैठकीची धास्ती असे. ती मरणाबद्दल होती. लग्नाच्या वचनात मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत असे शब्द येतात. तिचं म्हणणं असं, की मुलं ते शब्द पाठ करून घाईने म्हणून टाकतात, अर्धं लक्ष फोटोवाल्याकडे असतं. लग्नाआधी एकदा तरी त्यांनी त्या शब्दांजवळ शांत बसावं. मूळच्या बैठका चारच होत्या, ही पाचवी तिने वाढवली. पहिल्याच वेळी तिने तो शब्द उच्चारला आणि मी उठलो. "मी चहा टाकतो," म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मुलांशी बोलणं पुढे चालू ठेवलं.

त्यानंतर तो रिवाजच झाला. पाचव्या बैठकीला मी स्वयंपाकघरात जायचो आणि दार लोटून घ्यायचो. चार कप चहाला लागतो त्याच्या तिप्पट वेळ लावायचो. आलं किसायचो, धुतलेले कप पुन्हा धुवायचो. बाहेरून तिचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मध्येच सगळे हसायचे. मरणाच्या गोष्टीत हसण्यासारखं काय असतं, असं मला दर वेळी वाटे. मुलं गेली की विचारू, असंही मनात यायचं. पण विचारलं असतं तर ते बोलणं आमच्या दोघांचं झालं असतं, आणि ते मला नको होतं. दहा-बारा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.

ती गेली ते साध्या तापाचं निमित्त होऊन. सोमवारी शाळेतून कणकण घेऊन आली आणि पुढच्या गुरुवारी आम्ही तिला मातीला दिलं. मधल्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही.

तेव्हा एका जोडप्याच्या चार बैठका झालेल्या होत्या. मुलगा बंदरातल्या एका कंपनीत कामाला, मुलगी लॅबमध्ये. लग्नाची तारीख ठरलेली, हॉल घेतलेला. बायकोला जाऊन महिना होत आला तेव्हा पाळकसाहेब घरी आले. बराच वेळ बसले, प्रार्थना केली, आणि जाताना म्हणाले, "त्या मुलांच्या कागदावर मी सही करून टाकतो. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

मी बरं म्हणालो. दोन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला.

"काका, पाळकसाहेब म्हणाले चार पुरेत."

"हो. पुरेत."

"काकूंनी पाच सांगितल्या होत्या. काकू म्हणाल्या होत्या, खरी बैठक पाचवी आहे, बाकीच्या चार नुसत्या गप्पा. आम्ही थांबू, काका. तुम्हाला जमेल तेव्हा. पण तीन आठवड्यांनी सूचना वाचायला सुरुवात व्हायला हवी."

मी फोन ठेवला आणि बायकोचं कपाट उघडलं. बैठकांची तिची एक वही होती, शाळेच्या हजेरीपटासारख्या निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या चार बैठकांची टिपणं तिच्या बारीक, तिरक्या अक्षरात होती, समासात खुणांसह. पुढच्या पानावर तिने 'पाचवी' असं लिहून खाली रेघ मारली होती. पान कोरं होतं. त्याच्या पुढची पानंही कोरी होती.

मी ती वही घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. त्या मुलीला काय सांगायचं, हा प्रश्न होताच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या मुलीचं काही वाटत नव्हतं. माझ्या बायकोने नुसत्या लोटलेल्या दाराच्या पलीकडे बसून इतकी वर्षं मरणाबद्दल काहीतरी सांगितलं होतं, आणि ते जगात माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते हवं होतं. तहान लागावी तसं हवं होतं.

म्हणून मी त्या जुन्या मुलामुलींकडे जायचं ठरवलं.

पहिला जवळच राहणारा, आमच्याच कॉलनीतला. त्याच्या लग्नाला आठेक वर्षं झालेली. त्याने मला आत बसवलं, पंखा लावला, आणि खूप आठवून पाहिलं. "काका, खरं सांगू? त्या दिवशी लाइट गेले होते. मला एवढंच आठवतं की मी घामाघूम झालो होतो आणि तुमचा चहा फार गोड होता." बायको माहेरी गेली होती, तिला विचारून सांगतो म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. माझ्यामुळे वाटलं, याचं मला वाईट वाटलं.

दुसरं जोडपं उलव्याला राहायला गेलेलं. ते मी बायकोच्या भावाला फोनवर सांगितलं, म्हणजे सांगावं लागलं. त्याने रविवारी जेवायला बोलावण्यासाठी फोन केला होता, आणि मी कारण म्हणून म्हणालो, उलव्याला जायचंय.

या माझ्या मेव्हण्याबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर मूळचं नगरकडचं. हा तिचा धाकटा भाऊ नोकरीसाठी इकडे आला, पाताळगंगेच्या बाजूला एका कारखान्यात लागला आणि आपटा गावात घर करून राहिला. मोठ्या आवाजाचा, सतत बोलणारा माणूस. दर दुसऱ्या रविवारी तो उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला यायचा, नाहीतर ती मला घेऊन आपट्याला जायची. एकदा त्याने पिशवीतून जिवंत निवटे आणले होते, खाडीच्या चिखलात उड्या मारणारे ते बोटभर मासे. ते आमच्या बैठकीच्या खोलीत सुटले आणि एक माझ्या पुस्तकांच्या कपाटाखाली गेला. मी जेवताना गप्प असायचो, शेजारी वर्तमानपत्र ठेवायचो. तो म्हणायचा, "दाजी, पेपरात काटा नसतो, ताटात असतो. खाली बघा." ती हसायची. मला वाटे, माहेरची ओढ आहे, असू दे. तिच्यासाठी दर दुसरा रविवार सोसायचा, असं मी मनाशी धरलं होतं. ती गेल्यावर त्याचे फोन चालूच राहिले आणि मी दर वेळी काहीतरी सबब सांगत राहिलो.

"उलव्याला एकटे कुठं जाताय?" तो म्हणाला. "धुळीनं मराल. मी येतो गाडी घेऊन."

त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी उलव्याला गेलो. विमानतळाच्या कामासाठी डोंगर फोडत होते, डंपरची रांग लागलेली, आणि नव्या इमारतींना अजून रंगही लागलेला नव्हता. तो सबंध रस्ता बोलत होता. हेल्मेटमुळे मला त्यातलं निम्मं ऐकू येत नव्हतं, त्याची मला बरीच मदत झाली.

सातव्या मजल्यावर त्या जोडप्यातल्या मुलीने दार उघडलं. कडेवर मूल होतं. नवरा कामावर होता. ती मला पाहून रडली, मग पाणी आणलं. मेव्हण्याची मी ओळख करून दिली ती 'आमच्या नात्यातले' एवढीच. तो सोफ्याच्या टोकाला बसून त्या बाळाला किल्ल्या वाजवून दाखवू लागला. मी वही उघडून कोरं पान तिच्यासमोर धरलं आणि काय हवंय ते सांगितलं.

"काकूंनी काही सांगितलंच नाही, काका," ती म्हणाली. "त्यांनी नुसतं विचारलं. दोघांना दोन कागद दिले. मला म्हणाल्या, तू गेल्यावर हा जेवायला कुणाकडे जाईल, त्याचं नाव लिही. आणि ह्याने माझ्यासाठी लिहायचं. हॉटेल चालणार नाही म्हणाल्या. आईवडीलही नाहीत, ते आधी जातात."

"एवढंच?"

"मला आधी हसूच आलं. मी म्हटलं, काकू, हा काय, वडापाव खाऊन जगेल. तर म्हणाल्या, चार दिवस जगेल. पाचव्या दिवशी कुणाच्या दारात उभा राहील ते लिही." तिने बाळाला खाली सोडलं. "मग आम्ही लिहिलं. ह्याला तर वीस मिनिटं लागली. काकू म्हणाल्या, नाव सापडलं ना, आता त्या माणसाला जन्मभर घरी बोलवत राहायचं, त्याच्याकडे जात राहायचं. ज्याच्यासाठी करायचं त्याला आवडो न आवडो. वेळ आल्यावर नव्याने ओळख करता येत नाही."

मी लिहून घेत होतो.

"मी विचारलं त्यांना," ती आता आठवणीने हसत होती. "म्हटलं, काकू, तुम्ही काकांसाठी कुणाचं नाव काढलंय? तर म्हणाल्या, माझा भाऊ आहे आपट्याला. यांना तो मुळीच आवडत नाही, पण दुसरा माझ्या नजरेत नाही. इतक्या हसल्या काकू, आम्ही पण..."

ती मध्येच थांबली. किल्ल्यांचा आवाज बंद झाला होता. तिने सोफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपट्याचा तो मीच," मेव्हणा म्हणाला.

मुलीचा चेहरा लाल झाला. त्यानेच मग तिला सावरलं. "अवो ताई, तुमी कशाला वाईट वाटून घेता? दाजींना मी आवडत न्हाई हे सगळ्या पनवेलला म्हाईत हाय."

परतीच्या वाटेवर गव्हाण फाट्यापाशी त्याने उसाच्या रसाच्या गाडीजवळ मोटरसायकल उभी केली. रस पिताना तो एक शब्द बोलला नाही. त्याला गप्प बसलेलं मी प्रथमच पाहत होतो. शेवटी मीच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आक्कानं सांगितलं व्हतं. दाजी बोलणार न्हाईत, तू बोलत राहा म्हनली." त्याने ग्लास परत दिला. "म्हनून बोलायचो. नायतर मला काय एवढी हौस हाय का, दाजी? घरी बायको इचारती, तिकडं जाऊन एवढं बोलता, हितं तोंडाला कुलूप का?"

मी हसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो, आणि ते हसू लगेच दुसरंच काही व्हायला लागलं, तेव्हा त्याने पाठ फिरवून गाडीला उगीचच किक मारली. किती रविवार मी तिच्यासाठी सोसतोय असं समजून वर्तमानपत्रात डोकं घालून बसलो होतो. ती समोर उभी राहून आम्हा दोघांना वाढत होती, आणि मला मागे ठेवून जायची तयारी करत होती. कदाचित एकदा तरी तिला वाटलं असेल, मी वर पाहावं.

पुढच्या शनिवारी मी त्या मुलामुलीला बोलावलं. बायको जिथे बसायची त्या खुर्चीत मला बसवेना, म्हणून मी वेताचा मोडा ओढून घेतला. पाठांतर केल्यासारखं मी तिचं सगळं बोलणं क्रमाने सांगितलं आणि दोघांना कागद दिले. ती दोघं हसतील म्हणून मी थांबलो. ती हसली नाहीत. तो प्रश्न तिच्या तोंडून हसू आणत असेल, माझ्या तोंडून तो आणत नव्हता. शब्द मिळाले होते, आवाज कुठून आणणार?

मुलाने चटकन लिहिलं, मुलीच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीचं नाव. मुलीने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव लिहिलं.

मुलाने तिचा कागद ओढून वाचला. "ताईशी आमच्या घरात कुणी बोलत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"तिनं मंडळीबाहेर लग्न केलं. तिला पत्रिकासुद्धा द्यायची नाही असं ठरलंय."

"पण तू आजारी पडलास की मला तिचाच फोन येतो," मुलगी म्हणाली. "तुला सांगायचं नाही अशी तिची अट आहे. दुसरं कुणी माझ्या नजरेत नाही."

नेमके माझ्या बायकोचेच शब्द. त्या मुलीने ते कुणाकडून ऐकलेले नव्हते. मी सांगताना ते वाक्य गाळलं होतं. मुलाने तो कागद उलटा ठेवला. मग म्हणाला, "आईशी बोलावं लागेल." मुलगी म्हणाली, "मी येईन सोबत." एवढंच. मी काही सल्ला दिला नाही, माझ्याजवळ नव्हताही.

मी सही करायला कागद ओढला तेव्हा मुलाने विचारलं. सहज विचारलं, त्यात खोच नव्हती. "काका, तुम्ही काकूंसाठी कुणाचं नाव लिहिलं असतं?"

तिच्या भावाचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं उत्तर नव्हतं. ते नाव तिने शोधलेलं होतं, तेही माझ्यासाठी. आणि भावाकडे ती गेली असती तर पदर खोचून तिनेच सगळ्यांना रांधून घातलं असतं. प्रश्न जेवण कुठे मिळेल असा नव्हताच. जिथे ती ताटावर बसेल आणि दुसरं कुणी तिला वाढेल, असं घर कुठलं? मी एकेक घर डोळ्यांपुढे आणलं. मंडळीतली, शेजारची, तिच्या शाळेतल्या बाईंची. प्रत्येक घरात मला ती स्वयंपाकघराच्या दारात उभी दिसत होती, हात पुसत, काय करू म्हणून विचारत. मग मी आमचं घर पाहिलं. तिथेही ती उभीच होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

मुलाला वाटलं मी टाळतोय. मुलीला तसं वाटलं नसावं. ती कागदांची घडी करत म्हणाली, "काका, शोधा." लगेच तिला आपल्या बोलण्याचं ओशाळं वाटलं आणि ती माफ करा म्हणू लागली. मी हाताने तिला थांबवलं आणि सही केली.

त्यांची सूचना तीन रविवार वाचली गेली. लग्नात मुलाच्या बाजूला शेवटच्या बाकावर एक बाई नवऱ्यासोबत बसल्या होत्या. त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नव्हतं, पण त्या आल्या होत्या.

मी आता दर दुसऱ्या रविवारी आपट्याला जातो. वर्तमानपत्र नेत नाही. मेव्हणा बोलतो, मीही थोडं बोलतो, आणि काट्यांकडे लक्ष ठेवून जेवतो.

आणि त्या मुलीने सांगितलं ते मी खरंच करतो आहे. आता त्याचा कुणाला काही उपयोग नाही, हे मला कळतं. तरी बाजारात जाताना, बँकेच्या रांगेत, मी बायकोसाठी घर शोधत असतो. गेल्या आठवड्यात मला तळमजल्यावरच्या आजी सुचल्या. त्यांच्याकडे ती उन्हाळ्यात पापड वाळत घालायला जायची, आणि आजी कुणाला आपल्या चुलीला हात लावू देत नाहीत. दोन दिवस मला वाटलं, सापडलं. मग आठवलं की आजींचे गुडघे दुखतात, आणि जेवण झाल्यावर भांडी घासायला ती उठली असती.